लपविलेलें नांव आणि उघडी हांक

घरांतील वाय-फायचें नांव कोणास दिसूं नये म्हणून तें लपवून ठेवावें, अशी सल्ला पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांत मोठ्या विश्वासानें दिली जाते. शेजाऱ्यापाजाऱ्यांस नांव दिसेनासें झालें कीं घर सुरक्षित झालें, हा समज आम्हांस मुळांतच उलटा वाटतो.

उघड्या नांवाचा राउटर आपलें नांव सेकंदास सुमारें १० वेळां स्वतःच जाहीर करितो. फोनानें नुसतें ऐकलें तरी भागतें. नांव लपविलें म्हणजे राउटर तेवढ्यापुरता मुका होतो, आणि विचारण्याचें काम घरांतील प्रत्येक फोनावर येऊन पडतें. मग तो फोन आगगाडींत, बाजारांत, लग्नमंडपांत 'अमुक नांव येथें आहे काय?' अशी हांक मारूं लागतो. ती आपल्या कानांस ऐकूं येत नाहीं इतकेंच. साधा संगणक जवळ असलेल्या जाणत्यास ती सहज टिपतां येते. त्या नांवांत आडनांव किंवा वाड्याचें नांव असलें तर विचारावयासच नको! शिवाय आजोबांचा फोन व कॉलेजांतून परतणाऱ्या नातीचा फोन एकच विरळा नांव पुकारूं लागले, तर दोघें एका घरचीं हें परक्यास न विचारतां कळतें.

असें टिपणारे असतात काय, अशी शंका कोणी घेईल. २०१३ सालीं लंडन शहरांत रस्त्यावरील १२ कचरापेट्या येणाऱ्याजाणाऱ्यांच्या फोनांचे क्रमांक नोंदवीत असल्याचें उघडकीस आलें, व त्या ऑगस्टांत नगरसंस्थेस तें बंद करावयास सांगावें लागलें. पुढें २०१४ सालीं ॲपलनें शोधाच्या वेळीं खोटा क्रमांक देण्याची सोय केली. इतरांनींहि ती उचलली. परंतु क्रमांक बदलला तरी हांकेंतील नांव तेंच राहतें. आणि आपल्याकडे जुना फोन टाकून न देतां आजीकडे जातो. त्यांत ही सोय असेलच असें नाहीं.

तेव्हां नांव उघडें ठेवावें, मात्र तें कुळाचा पत्ता सांगणारें नसावें. खरी भिस्त लांब व अवघड परवलीच्या शब्दावर असावी. नांव उघडें केल्यावर घरांतील प्रत्येक फोनांतून जुनी नोंद पुसून नवी करावी, नाहींतर तो जुन्या संवयीनें हांका मारीतच राहील. हॉटेलांच्या व स्टेशनांच्या सांचलेल्या नोंदीहि त्याच बैठकींत काढून टाकाव्या. वडील मंडळींच्या फोनांचें हें काम घरांतील मुलामुलींकडे सोंपवावें, पण त्यांच्यासमोर बसून.