'मठ्ठ' म्हणण्यापूर्वी

पहिलीतल्या मुलाला अक्षर लागत नाही, आकडा ध्यानात राहत नाही, की घरात, शाळेत आणि दुर्दैवाने चर्चच्या आवारातही एक शब्द सहज उच्चारला जातो : 'मठ्ठ'. जे जरा सोज्ज्वळ आहेत ते 'देवाची मर्जी' म्हणतात. दोहोंवर आमचा आक्षेप आहे, आणि दुसऱ्यावर अधिक. कारण माणसांनी केलेल्या हेळसांडीचे खापर तो परमेश्वराच्या माथी फोडतो. काही मुले जन्मजात व्याधीमुळे मंदगती असतात, त्यांची गोष्ट वेगळी. आम्ही बोलत आहोत ते अशा मुलांविषयी, की ज्यांची बुद्धी धड होती आणि तिची उपासमार झाली.

दुसऱ्या वाढदिवसापर्यंत मुलाचा मेंदू प्रौढ मेंदूच्या सुमारे ८० टक्के आकारास पोहोचतो. म्हणजे आपण पाटी हाती देतो त्याच्या कितीतरी आधी पाया भरून झालेला असतो, आणि तो आईच्या रक्तातून भरला जातो. तिच्या अंगी लोह नसेल तर बाळाला जन्मतःच मिळणारी लोहाची शिदोरी अपुरी पडते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. ज्यांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व फार कमी होते, त्यांची मुले नवव्या वर्षी एकाग्रतेच्या व तात्पुरत्या स्मरणाच्या चाचण्यांत मागे पडली. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मासे, मटण यांतून मिळते. 'आमच्या घरी काही वर्ज्य नाही, फादर', हे उत्तर आम्हांस ठाऊक आहे. पण पातेल्यातले मटण कोणाच्या ताटात पडते? सासरे, दीर, नवरा, आलेले पाहुणे. सुनेच्या वाट्याला रस्सा. वर ती भूक मारण्यासाठी मिश्री लावते. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. गरोदरपणी लावली तर बाळ कमी वजनाचे जन्मते. सासूही लावते, मग सुनेला सांगणार कोण?

आता आपल्या भागाकडे पाहू. दिवाळीच्या सुमारास शेवगाव-पाथर्डीच्या कोरडवाहू गावांतून टोळ्या ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल आधीच खर्चून झालेली असते. उचल मिळते ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे जोडपे. हा कोयता पुरा व्हावा म्हणून सोळा वर्षांची पोर उजवली जाते. तिचे स्वतःचे अंग भरायचे असते, तोच तिच्या पोटी दुसरा जीव वाढू लागतो, आणि ती पहाटेपासून फडात मोळ्या उचलते. खाडा झाला तर पैसे कापले जातात, म्हणून दिवस भरत आले तरी विसावा नाही. पुढच्या हंगामात बाळ झोळीत, आई फडात. सहाव्या महिन्यानंतर दुधाच्या जोडीला जे मऊ, सकस अन्न दिवसातून अनेकदा भरवायचे, ते भरवणार कोण? बाळाला बिस्किट मिळते चहात बुडवून, आणि चहा तर अन्नातले लोह अंगी लागू देत नाही.

एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. अंगणवाडी गावोगाव आहे. पण गावच्या वहीत बाळाचे नाव असते तेव्हा बाळ कारखान्यावर असते. साखरशाळा निघाल्या, २०२१ साली ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृहांची योजना आली. त्या शाळकरी मुलांसाठी. झोळीतले वय त्यांत बसत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील दर शंभर मुलांपैकी ३५ वयाच्या मानाने खुजी आढळली. सारीच खुजी मुले अभ्यासात मागे पडतात असे नव्हे. पण खुजेपणा हा त्या धोक्याचा जुना व ओळखीचा इशारा आहे.

'गरिबी आहे, काय करणार?' असे विचारणारे बाप्तिस्म्याच्या जेवणावळीला कर्ज काढतात, तेव्हा हा प्रश्न कोठे जातो? आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम उभे केले ते गावातल्या, बहुधा निरक्षर, बायकांना हाताशी धरून. त्याच घरोघर जाऊन गरोदर बाईने काय खावे ते सांगत. १९७९ साली या दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ते आपल्या पंथाचे नव्हते. म्हणून आपण त्यांच्याकडून शिकायचे नाही असे थोडेच आहे?

केवळ अन्नानेही भागत नाही. जमैकातील किंग्स्टन शहरात खुज्या मुलांच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षे दर आठवड्यास तासभर जात आणि टाकाऊ वस्तूंची खेळणी करून मुलाशी कसे बोलावे, कसे खेळावे हे आईला दाखवीत. १९९१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : मुलांची बौद्धिक वाढ सुधारली. वीस वर्षांनंतर तीच मुले, भेटी न मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के अधिक कमावत होती. बोलायला पैसे पडत नाहीत. आपल्याकडे तान्ह्याशी बोलणाऱ्या आईला 'रिकामटेकडी' म्हणतात, आणि मुलगा सहा वर्षांचा झाला की शिकवणीला पैसे मोजतात.

आमचे म्हणणे धर्मग्रामातील वडीलधाऱ्यांना रुचणार नाही, तरी मांडतो. विवाहपूर्व शिबिरात एक सत्र परिचारिकेचे असावे, आणि त्यास सासूनेही बसावे. मामाच्या मुलीशी लग्नासाठी कॅनन कायद्याच्या १०९१ व्या कलमातून सूट मागताना 'घरातली मालमत्ता घरात' हे कारण लिहू नये. अशा विवाहात संततीला जन्मजात दोषांचा धोका वाढतो. टोळीबरोबर जाणाऱ्या गरोदर बाईची उचल फेडण्याचा भार तिच्या भावकीने वाटून घ्यावा व तिला गावी ठेवावे. आणि सोळा वर्षांच्या मुलीचा साखरपुडा आशीर्वादासाठी आमच्याकडे आणू नये. तो येथे मिळणार नाही.