मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले तर

मधुमेह म्हटले की आपल्या घरांत बाबासाहेबांची आठवण निघते. अखेरच्या वर्षांत या रोगाने त्यांचा देह पोखरला. पण त्यामुळेच की काय, साखरेचा आजार उतारवयातलाच, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. ती लेकरांच्या जिवावर बेतते.

मुलांना बहुधा होणारा मधुमेह वेगळा. त्यात इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशीच नष्ट होतात. तो गोड खाल्ल्याने होत नाही, आणि पूर्वजन्मीच्या पापाने तर नाहीच नाही. (हे बौद्ध घरांतही सांगावे लागते, याचे आम्हाला वाईट वाटते.) रक्तात साखर भरपूर असते, पण ती शरीराच्या कामी येत नाही. मग शरीर चरबी जाळू लागते आणि कीटोन नावाची आम्ले रक्तात साचतात. मूल बेशुद्ध पडते, दगावतेही.

त्याआधी मूल खुणा देत असते. सारखे पाणी मागते, सारखे लघवीला जाते, खाऊनही वाळत जाते. सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय पुन्हा लागते. आया त्यासाठी मारतात. मारू नका, दवाखान्यात न्या. बोटातून थेंबभर रक्त घेतले की मिनिटभरात साखर कळते. लक्षणे असताना ती 200 च्या वर असेल तर 'उद्या बघू' म्हणू नये. पुढे उलट्या, पोटदुखी, तोंडाला पिकल्या फळासारखा वास, धाप लागल्यासारखा खोल श्वास आणि गुंगी दिसू लागली, तर त्याच घटकेला मोठे इस्पितळ गाठावे. इथेच घात होतो. कोणी जंत म्हणते, कोणी न्यूमोनिया, कोणी बाहेरची बाधा. अंगाऱ्याधुपाऱ्यात रात्र जाते.

इटलीतल्या पार्मा शहरात 1991 पासून शाळांतून अंथरूण ओले करण्याच्या खुणेची भित्तिपत्रके लावली. त्यानंतर असे अत्यवस्थ होऊन येणाऱ्या मुलांचे प्रमाण पुष्कळ घटले. आपल्या विहाराच्या फलकावर हे लिहायला खडूखेरीज काय लागते?

ज्यांच्या घरी इन्सुलिन चालू आहे त्यांच्यासाठी एकच गोष्ट ठासून सांगतो. ताप आला, पोर जेवत नाही, म्हणून इंजेक्शन आपल्या मनाने बंद करू नका. आजारपणात साखर उलट चढते. पाणी पाजत राहा, साखर वरचेवर तपासा, मात्रा डॉक्टरांना विचारा. कारल्याच्या रसावर किंवा कुणाच्या पुडीवर विसंबून सुई सोडू नये. 1922 साली टोरांटोत 14 वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले. त्याआधी अशी मुले वाचत नसत.

उलटही घडते. मुलाला दरदरून घाम सुटला, हातपाय थरथरले, तर साखर उतरली समजा. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, इस्पितळात न्या.

घरी फ्रीज नसेल तर इन्सुलिनची बाटली डब्यात घट्ट बंद करून पाण्याच्या माठात, सावलीत ठेवावी. बर्फात मात्र नको; गोठलेले इन्सुलिन कामाचे राहत नाही.