शाळा नक्की कोण निवडते?



३१ ऑक्टोबर जवळ आला की इंग्लंडमधल्या आपल्या घरांत एकच चर्चा असते: मुलांसाठी सेकंडरी शाळा कोणती? निकाल, अंतर, बस, मैत्रिणी कुठे जाणार, सगळ्याचा खल होतो. शेजारच्या मुस्लिम कुटुंबाने अर्जात इस्लामी शाळेचे नाव लिहिले, की मात्र आपण निकाल देऊन मोकळे होतो: "यांना मिसळायचेच नाही."

धर्म हे एक कारण असतेच, पण तेवढेच नसते. १९८५ च्या स्वान समितीने बहुमताने वेगळ्या मुस्लिम शाळांना पाठिंबा दिला नाही. मात्र फक्त मुलींच्या शाळांची पालकांना वाटणारी गरज तिने समजून घेतली होती. सरकारी खर्चाने चालणारी पहिली मुस्लिम सेकंडरी शाळा २००१ मध्ये ब्रॅडफर्डला झाली, तीही मुलींचीच. ब्लॅकबर्नची तौहिदुल मुलींची शाळा २०१७ च्या निकालांत देशातल्या अव्वल शाळांत होती. असे निकाल आपल्यालाही भुरळ घालतातच की!

प्रवेशासाठी रविवारी चर्चमध्ये बसणाऱ्या पालकांना आपण व्यवहारी म्हणतो. २००८ मध्ये हॅरोत सरकारी खर्चाची पहिली हिंदू शाळा, कृष्ण अवंती, सुरू झाली, तेव्हा आपल्यापैकी किती जणांना समाजाच्या फुटीची काळजी वाटली? माप एकच हवे.

याचा अर्थ गप्प बसावे असा नाही. मुलामुलींना एकाच शाळेत पूर्णपणे वेगळे ठेवणे हा लिंगभेद आहे, असा निर्णय अपील न्यायालयाने २०१७ मध्ये बर्मिंगहॅमच्या अल-हिजरा शाळेबाबत दिला. तो योग्यच होता. शाळा कोणत्याही धर्माची असो, तपासणी आणि समानतेचा कायदा यांतून सुटका नको. आणि जवळपास मुलींची चांगली सरकारी शाळाच नसेल, तर ती कौन्सिलकडे मागायला आपणही शेजाऱ्यांबरोबर उभे राहावे.

पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न वेगळाच आहे. अर्जावर सही पालकांची, आणि शाळेत जायचे अकरा वर्षांच्या मुलीने. तिला दोन-तीन शाळा दाखवल्या का? ती "नको" म्हणाली तर कोणी ऐकेल का?

हा प्रश्न शेजारी विचारण्याआधी घरीच विचारून पाहू या. ग्रामर स्कूलच्या परीक्षेसाठी नऊ वर्षांच्या मुलांना शिकवणीला बसवताना आपण तरी त्यांना कुठे विचारले होते?