विश्लेषण : संगणकाचा पडदा निळा पडला, दोषी कसा शोधतात?

१९ जुलै २०२४ रोजी जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोसळले. भारतात काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. दोषी सापडला तो संगणकाने कोसळताना स्वतःच लिहून ठेवलेल्या नोंदीतून. जुळे सोलापुरातील एखाद्या घरचा वा दुकानातला संगणक बंद पडतो, तेव्हाही अशी नोंद सहसा राहते. मात्र ‘फॉरमॅट मारून टाका’ हा सल्ला ऐकला, की ती पुसली जाते.

कर्नल म्हणजे काय?

प्रोसेसर, मेमरी आणि डिस्कचा कारभार पाहणारा प्रणालीचा गाभा म्हणजे कर्नल. ब्राउझर बिघडला तर तेवढाच बंद पडतो. कर्नलमध्ये चालणारा ड्रायव्हर चुकला, तर माहितीचे आणखी नुकसान होऊ नये म्हणून विंडोज सगळे काम थांबवते. तेव्हा दिसतो तो निळा पडदा. विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत तो काळा झाला आहे.

त्या दिवशी काय घडले?

‘क्राउडस्ट्राइक’ या सुरक्षा कंपनीने भारतीय वेळेनुसार सकाळी ९.३९ वाजता एक अपडेट पाठवले. त्यातील नियमाला २१ वी नोंद तपासायची होती. प्रत्यक्षात २० नोंदीच पुरवल्या जात होत्या. ड्रायव्हर यादीबाहेरची मेमरी वाचायला गेला आणि कर्नल कोसळला. ७८ मिनिटांत अपडेट मागे घेतले गेले. तरी अडकलेले अनेक संगणक सेफ मोडमध्ये सुरू करून सदोष फाइल हाताने काढावी लागली.

कारण कसे कळले?

कोसळताना विंडोज मेमरीतील स्थितीची प्रत डिस्कवर ठेवते. तिला ‘क्रॅश डम्प’ म्हणतात. ‘विनडीबीजी’ या मोफत डीबगरमध्ये ती उघडली, की शेवटी कोणती फंक्शन्स चालू होती आणि कोणत्या ड्रायव्हरपाशी गाडी अडली, हे दिसते. मायक्रोसॉफ्टने याच साधनाने तपासणी करून निष्कर्ष प्रसिद्ध केले. लिनक्समध्ये हेच काम ‘केडम्प’ आणि ‘क्रॅश’ ही साधने करतात.

घरच्या संगणकावर काय करावे?

* पडद्यावरील ‘स्टॉप कोड’चा फोटो काढा.
* टक्केवारी पुढे सरकत असेल तर वीज बंद करू नका. तेव्हाच नोंद लिहिली जात असते.
* संगणक सुरू झाल्यावर सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधील ‘मिनीडम्प’ फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या. सुरू होत नसेल तर सेफ मोड वापरून पाहा.
* डम्पमध्ये खासगी माहितीही असू शकते. अनोळखी व्यक्तीला तो पाठवू नका.

डम्पमधील नाव अंतिम मानावे का?

नाही. सदोष रॅममुळे निर्दोष ड्रायव्हरचे नावही पुढे येऊ शकते. दर वेळी वेगळेच नाव दिसत असेल, तर आधी विंडोजमधील मेमरी तपासणी चालवावी. रॅमच खराब असेल, तर फॉरमॅट करूनही पडदा पुन्हा निळा होणारच.