'आय, टोन्या'मधील आई आणि आपले हसू

कौटुंबिक क्रौर्य विनोदाच्या अंगाने मांडावे का, हा ब्लॅक कॉमेडीसंबंधीचा जुना वाद आहे. क्रेग गिलेस्पी दिग्दर्शित 'आय, टोन्या' (२०१७) हा स्वतंत्र निर्मितीचा अमेरिकन चित्रपट त्याला जे उत्तर देतो, ते माझ्या मते निम्मेच पटण्याजोगे आहे.

टोन्या हार्डिंग ही ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडची, कष्टकरी घरातली फिगर स्केटर. 'ट्रिपल ॲक्सल' ही अवघड उडी १९९१ साली स्पर्धेत यशस्वी करणारी ती पहिली अमेरिकन स्त्री. जानेवारी १९९४ मध्ये तिची प्रतिस्पर्धी नॅन्सी केरिगन हिच्यावर डेट्रॉइट येथे हल्ला झाला. कटात टोन्याचा घटस्फोटित पती सामील होता. तपासात अडथळा आणण्याच्या कटाचा गुन्हा टोन्याने कबूल केला आणि तिची कारकीर्द संपली.

स्टीव्हन रॉजर्स यांची पटकथा परस्परविरोधी मुलाखतींवर उभी आहे. पात्रे कॅमेऱ्याकडे वळून आपापली बाजू सांगतात. खांद्यावर पक्षी आणि अंगात फरचा कोट अशा थाटात बसलेली आई लव्होना ही त्यांतली सर्वांत विनोदी. ॲलिसन जॅनी यांना या भूमिकेसाठी २०१८ साली सहायक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले. ही आई मुलीच्या दंडावर सुरी फेकते आणि लगेच मुलाखतीत, कुठल्या घरात चढउतार नसतात, असे विचारते. आपण हसतो ते जखमेला नव्हे, तर त्या अढळ आत्मसमर्थनाला. वेट्रेस म्हणून राबून मिळवलेला पैसा तिने मुलीच्या स्केटिंगवर खर्च केला आहे. मुलगी आपला द्वेष करील हे ठाऊक असूनही तिला विजेती केले, हाच आपला त्याग, असे ती मानते. (खऱ्या लव्होना गोल्डन यांनी छळाचे अनेक आरोप नाकारले आहेत, इथे विचार पात्राचा आहे.)

या हसण्याचा हिशेब दिग्दर्शक एका प्रसंगात चुकता करतो. हल्ल्यानंतर पत्रकारांच्या गराड्यातून आई मुलीच्या घरी येते आणि कधी नव्हे ते मायेने बोलते. टोन्या तिला बिलगते. मग आई हळूच विचारते, तुला हे आधी माहीत होते का? कोटात टेपरेकॉर्डर सापडतो. आयुष्यभर हवे असलेले शब्द केवळ आमिष म्हणून उच्चारले गेले होते. इथे हसू येत नाही, आणि मागचे सगळे हसणे आठवून संकोच वाटतो.

पतीच्या मारहाणीच्या दृश्यांना मात्र असा प्रतिप्रसंग लाभलेला नाही. तिथेही मार खाता खाता टोन्या कॅमेऱ्याशी बोलते. पण दृश्यांचा वेग आणि पार्श्वभूमीची गाणी यांमुळे वेदना गमतीच्या लयीत वाहून जाते. तुम्हीही माझ्यावर हल्ला करणारेच आहात, असे ती पुढे प्रेक्षकांना सुनावते. आरोप योग्य आहे. परंतु प्रेक्षकाला त्या दृश्यांत हसवले कोणी, हेही विचारायला हवे. आईच्या बाबतीत चित्रपट तो दोष स्वतःकडे घेतो, तर पतीच्या बाबतीत तो प्रेक्षकावर ढकलून मोकळा होतो.

ब्लॅक कॉमेडी शिकताना आणि शिकवताना हा फरक पाहावा असे वाटते. विषय किती काळा आहे यावरून तिचे मूल्य ठरत नाही. हसून झाल्यावर कलाकृती ज्याला मार बसला त्याच्याकडे परत जाते की नाही, हे पाहणे अधिक महत्त्वाचे.