परेशबाबूंचे मौन

रवींद्रनाथ ठाकुरांची 'गोरा' (१९१०) ही कादंबरी तौलनिक साहित्याच्या तासाला चर्चेला आली, की विद्यार्थी गोरावर आणि आनंदमयीवर भरभरून बोलतात. परेशबाबूंच्या वाट्याला 'आदर्श ब्राह्म गृहस्थ' एवढे एकच वाक्य येते. ही व्यक्तिरेखा निष्क्रिय, म्हणून फिकी आहे, असा आक्षेपही वारंवार ऐकू येतो. तो मला मान्य नाही. मात्र त्यात तथ्याचा अंश आहे.

परेशबाबूंची तत्त्वनिष्ठा इतरांवर काहीही न लादण्यात आहे. मूर्तिपूजा त्यांना मान्य नाही. तरीही सुचरितेची मावशी हरिमोहिनी आपल्या देवासह येते, तेव्हा ते तिला आश्रय देतात. वरदासुंदरीच्या जाचाने ते अशक्य होते, तेव्हा सुचरितेच्या वडिलांच्या पैशातून पूर्वीच घेऊन ठेवलेल्या घरात दोघींची सोय लावतात. पोटच्या मुलीप्रमाणे वाढवलेल्या सुचरितेला दूर करण्याचे दुःख ते सोसतात; मावशीचा देव दूर करावा, अशी अट घालत नाहीत.

खरी कसोटी लागते ती ललिता आणि विनय यांच्या विवाहात. विनयने ब्राह्म दीक्षा घेऊन विवाह करावा, हे ललितेलाच रुचत नाही, आणि परेशबाबू तिच्या पाठीशी उभे राहतात. येथे थोडा इतिहास आठवावा लागतो. १८७२ च्या कायद्याने ब्राह्म विवाहांना मान्यता मिळाली ती आपण हिंदू नाही असे जाहीर करण्याच्या अटीवर. १८७८ साली केशवचंद्र सेनांच्या मुलीच्या विवाहावरून ब्राह्म समाजच दुभंगला. मुंबईत १८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाने हिंदू समाजापासून विलग होण्याचे टाळले होते. त्यामुळे परेशबाबूंनी मोजलेल्या किमतीची धार मराठी वाचकाला चटकन जाणवत नसावी. आयुष्यभर ज्या समाजाला आपले मानले, तोच त्यांच्याकडे पाठ फिरवतो. स्वतःच्या घरातही ते एकटे पडतात.

आता त्या तथ्यांशाविषयी. सुचरितेचा विवाह हारानबाबूंशी होणार, हे घरात गृहीत धरले जाते आणि परेशबाबू ते तसेच चालू देतात. नकाराचे बळ अखेर त्या मुलीलाच गोळा करावे लागते. वरदासुंदरीच्या कारभारालाही ते क्वचितच आवर घालतात. त्यांच्या संयमाची झळ घरातल्या दुर्बळांना लागते, हे नाकारता येणार नाही; आणि रवींद्रनाथांनी ते लपवलेले नाही.

तरीही हे मौन कृष्णदयालांच्या मौनाशेजारी ठेवून पाहावे. गोरा आयरिश दांपत्याचा मुलगा आहे, हे सत्य ते वर्षानुवर्षे दडवतात, आणि मरण समोर दिसू लागल्यावर, श्राद्धाच्या अधिकाराचा प्रश्न येतो म्हणून, उघड करतात. (त्या दडवण्यात आनंदमयीही सहभागी आहे, पण तिची भीती मूल गमावण्याची आहे.) कृष्णदयालांच्या मौनात मुलगा कोंडला जातो, परेशबाबूंच्या मौनात मुली स्वतःचा निर्णय घेण्याइतक्या मोठ्या होतात.

सत्य कळल्यावर गोरा धावतो तो परेशबाबूंकडेच. ते तेव्हा प्रवासाची बांधाबांध करीत आहेत. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, ब्राह्म अशा सर्वांच्या देवाचा मंत्र तो त्यांच्याकडे मागतो. परेशबाबू मंत्र देत नाहीत, काही बोलतही नाहीत. डोळे खाली वळवून ते नुसते उभे राहतात.