विश्रांती घ्या, पण खाडा कोण भरणार?

गेल्या दसऱ्याच्या आधी वहिनीचं माता व बाल संरक्षण कार्ड मी तिला वाचून दाखवलं. घरातला पहिला पदवीधर मी, त्यामुळे सरकारी कागद आला की माझ्याच हातात येतो. लोहाच्या गोळ्या १८० दिवस, चहाबरोबर घ्यायच्या नाहीत. रोजच्यापेक्षा जास्त जेवण. रात्री आठ तास झोप, दिवसा दोन तास विश्रांती, जड काम नको. वहिनीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि खाडा कोण भरणार?"

ज्यांनी ऊसतोड पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. बीडकडून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जाणाऱ्या टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल आधीच घेतलेली असते. एकाने दिवस बुडवला की मुकादम खाडा लावतो. मजुरी जातेच, वर दंड. ऊस तोडायचा, मोळी बांधायची, डोक्यावर नेऊन गाडी भरायची. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. पोटुशी बाईही हेच करते. तिचं नाव गावच्या अंगणवाडीत आणि ती कुठल्या तरी फडावरच्या कोपीत. याच खाड्याच्या धाकाने बीडमध्ये बायकांनी गर्भाशयं काढून घेतली, हे २०१९ मध्ये देशभर छापून आलं.

कार्डावरची माहिती खोटी नाही, ती हवीच. चेहऱ्यावर-हातांवर सूज, सतत डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, अंगावरून रक्त जाणं, बाळाची हालचाल मंदावणं, यातलं काहीही दिसलं तर थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. आपल्या वस्तीतल्या प्रत्येक घराला हे पाठ असावं. माझं भांडण त्या माहितीशी नाही. ती सांगून झाली की आपलं काम संपलं, असं मानणाऱ्यांशी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. यावर कुठल्याही कार्यशाळेत ऐकायला मिळणारं उत्तर एकच, 'त्यांच्यात जागरूकता नाही'. आपल्या बायांना अडाणी ठरवणं या देशात सगळ्यात स्वस्त पडतं.

बाबासाहेबांनी हा प्रश्न दुसऱ्या टोकाने धरला होता. जुलै १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना ते म्हणाले की बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे. हा भार मुख्यतः सरकारचा, हे मान्य करूनही त्यांनी मालकाला सोडलं नाही, कारण बाईच्या कामाचा फायदा त्याला मिळतो. विश्रांतीला पैसे लागतात आणि ते कुणीतरी द्यायचे असतात, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. १९२९ मध्ये कायदा झाला, पण गिरणी-कारखान्यांतल्या बायांपुरता. २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, तीही नोंदलेल्या नोकरीत. फडातल्या बाईला साखर कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो आणि मुकादम उचलीच्या वहीकडे.

कायद्यात मात्र तिचं नाव आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याचं कलम ४ काढून वाचा. सरकारी नोकरीत नसलेल्या आणि दुसऱ्या कायद्याने असाच लाभ न मिळणाऱ्या प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला किमान ६,००० रुपये मिळायला हवेत. पहिलं मूल की दुसरं, मुलगा की मुलगी, अशी अट त्यात कुठेही नाही. ती अट आली प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत. पहिल्या मुलाला ५,००० आणि दुसरी मुलगी झाली तरच ६,०००. तमिळनाडूत, देवदासी आईच्या पोटी जन्मलेल्या डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाच्या योजनेत पहिल्या दोन बाळंतपणांना रोख आणि पोषण किट मिळून १८,००० रुपये ठरलेले आहेत. पैसा देता येत नाही, असं नाही.

वहिनीला दुसरा मुलगाच झाला. तिच्या हातात एक रुपयाही पडला नाही.

याच कायद्याच्या कलम १५ प्रमाणे जिल्ह्यात तक्रार निवारण अधिकारी असतो. तुमच्या घरातही कार्ड वाचायला तुम्हालाच बोलावत असतील, तर पुढच्या वेळी अर्जाचा कोरा कागदही सोबत न्या. वहिनीचा अर्ज मी लिहिला आहे. खाली तिने स्वतः सही केली. दसऱ्यानंतर टोळी पुन्हा निघेल, या वेळी सोबत आठ महिन्यांचं बाळ असेल.